वंदनेत थांबायची जागा

शांता भिंतीकडं तोंड करून पडली, तेव्हापासून माझं मन कशातच लागत नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण अनुभव लिहायला बसलं की माणूस स्वतःला पहिल्यापासूनच श्रद्धावान करून टाकतो. मी तसा नव्हतो. मी हट्टी माणूस. शाळा दुसरीपर्यंत, पुढची सगळी अक्कल गिरणीत गासड्या उचलताना आली. हे लिहिलंय ते माझं मी लिहिलंय, जोडाक्षरं तेवढी सुनेनं नीट करून दिलीत.

शांता माझी बायको. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई घातली. देशपांडे नगरचे डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं जुळलंय, आता अज्जीनं उठायला पाहिजे, चालायला पाहिजे. पडूनच राहिल्या तर छातीत कफ धरेल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. व्यायाम करून घ्यायला एक पोरगी घरी यायची. ‘एळ्री अज्जी, नडीरी अज्जी,’ उठा आजी, चाला आजी, म्हणून गोड बोलायची. शांता उठायची नाही. कन्नडमध्ये विनवा, मराठीत रागवा, ती भिंतीकडं वळायची. एकदा मी फार ओरडलो तेव्हा म्हणाली, ‘कुणासाठी उठू? दाराला कोण येतंय आता?’ पेजेची वाटी तशीच परत गेली. दिवसादिवसानं ती बारीक होत चालली आणि मी उशाशी बसून बघत होतो. बावन्न किलोची गासडी पाठीवर घेतलेला माणूस मी, बायकोला अंथरुणावरून उठवू शकत नव्हतो.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमची गल्ली होती जुन्या हुबळीत, गिरणीच्या भिंतीला लागून. सगळी घरं आपल्या लोकांची, आणि टोकाला पत्र्याचं विहार. रस्ता रुंद करायचा म्हणून गल्ली गेली, विहारही गेलं. माणसं मिळेल तिकडं पांगली. कोण बेळगावला, कोण सोलापूरला, कोण कुठं ते कुणालाच माहीत नाही. शांतेला सगळ्यात जास्त लागलं ते गंगूचं. गंगू आमच्या शेजारची, मधे एकच भिंत. दोघी एकाच उन्हाळ्यात सुना म्हणून त्या गल्लीत आल्या. हिचं बाळंतपण तिनं केलं, तिचं हिनं. भांडल्या तर गल्ली गोळा व्हायची आणि तासाभरात एका ताटात भाकरी खायच्या. पुढं गंगूच्या नवऱ्याला रेल्वेत काम लागलं आणि ते महाराष्ट्रात गेले. आम्ही कुणीच पत्रं लिहिणारे नव्हतो. नंतर गल्लीच गेली. तिनं कुणाच्या हातून निरोप धाडला असेल तरी तो कुठल्या दाराला येणार? अंथरुणाला खिळल्यावर शांता झोपेतसुद्धा ‘गंगी’ म्हणायची. जागी असली की नाव काढायची नाही.

आता मोबाइलवरच्या वंदनेचं सांगतो. आमची सून मीना दर रविवारी सकाळी मोबाइल पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि त्यात गावोगावची बौद्ध कुटुंबं दिसायची. बेळगाव, पुणे, नागपूर, एक तर दुबईचं. पुण्याच्या एक शिक्षिकाताई सगळं चालवतात. मला हे काही पसंत नव्हतं. मी म्हणालो, ‘बुद्धाला आता रिचार्ज मारायचा काय?’ मीना माझ्यासारखीच तोंडाची. म्हणाली, ‘अप्पा, विहार पाडलं त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, जागा गेली तरी वंदना जाणार नाही. मग बसा की.’ माझंच बोलणं माझ्या पदरात. बसलो.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी ताई म्हणाल्या, ‘काका वयानं सगळ्यांत मोठे दिसतात, आज वंदना त्यांनी सांगावी.’ मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पांढरा सदरा घातलेला होता, ताठ बसलो आणि आवाज लावला. त्रिशरण चालू झालं, बुद्ध, धम्म, संघाला तीन खेपा शरण जायचं ते. तिसऱ्या खेपेला बुद्धाला शरण जायचं वाक्य संपलं आणि मी थांबलो. आमच्यात थांबतात. तर मोबाइलमधून एकेक आवाज यायला लागले. ‘काका, आवाज येत नाहीये.’ ‘काकांचं नेट गेलं वाटतं.’ ‘काका, हलवून बघा मोबाइल!’ मी हात जोडून बसलोय आणि हे सगळे माझं नेट शोधतायत. तेवढ्यात नागपूरच्या कुणीतरी पुढचं म्हणायला घेतलं आणि वंदना त्यांनीच संपवली. मीना पदर तोंडाला लावून हसत होती. नंतर ताईंचा फोन आला. गोड बोलून म्हणाल्या, ‘काका, मधे थांबायचं नसतं, सलग म्हणायचं असतं.’ मी म्हणालो, ‘आमच्यात थांबतात.’ त्यांनी विचारलं, ‘का?’ मी फोन मीनाच्या हातात दिला.

का ते मी सांगितलं नाही, कारण आमच्या गल्लीचं हसं झालं असतं. इथं सांगतो. गल्लीत रोज सकाळी पहिल्या पाळीच्या आधी वंदना व्हायची आणि ती चालू असतानाच गिरणीचा भोंगा व्हायचा. भोंगा इतका जवळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. तो नेमका तिसऱ्या खेपेला यायचा. मग सगळी गल्ली हात जोडून गप्प बसायची आणि भोंगा संपला की पुढं म्हणायची. आम्ही सगळे कानानं शिकलेले, पुस्तक कुणी बघितलेलं नव्हतं. पोरं जन्मली, मोठी झाली, त्यांना वाटायचं की वंदना अशीच असते, त्या जागी थांबायचंच असतं. पुढं गिरणी बंद पडली, भोंगा गेला. तरी आम्ही थांबतच राहिलो. एकदा बाहेरगावचे भंतेजी आले होते, तेही गोंधळून इकडंतिकडं बघत राहिले. चूकच होती ती, मला कळतं. पण माझ्या आईचं, भावाचं, मेलेल्या सगळ्या माणसांचं श्वास घेणं त्या थांबण्यात होतं. ते मी पुण्याच्या सांगण्यावरून सोडणार नव्हतो.

पुढच्या रविवारी मी रुसूनच बसलो. मीनाला म्हटलं, माझा आवाज बंद करून टाक, मी आपला बसतो. तिनं कुठलंसं बटण दाबलं. मी ओठ हलवत होतो आणि बाकीच्यांचे ओठ बघत होतो. एरवी वंदनेला माणूस डोळे मिटतो. रागावलो होतो म्हणून माझे उघडे होते. काचेवर लहान लहान चौकटी, प्रत्येकीत एक घर, सगळ्यांची तोंडं तळ्यातल्या माशांसारखी उघडमीट करतायत. तिसरी खेप आली. मी सवयीनं थांबलो. सगळ्या चौकटींमधले ओठ पुढं गेले.

एका चौकटीतले थांबले.

खालच्या कोपऱ्यात एक म्हातारी होती. पांढरी साडी, जाड भिंगाचा चष्मा, तोंडात दात नाहीत. मी तिला ओळखलं नाही. पहिल्यांदा वाटलं की तिचं नेट गेलं, लोक मला म्हणाले तसं. नीट बघितलं. वर पंखा असावा, तिच्या डोक्यावरचा पदर हलत होता. चित्र चालू होतं. बाईच थांबली होती, हात जोडून, डोळे मिटून. माझ्या छातीत भोंगा वाजत होता म्हणा, वाजला तेवढा वेळ मी थांबलो आणि पुढचं वाक्य ओठांत आणलं. त्याच क्षणी तिचे ओठ हलले.

माझ्या अंगावर जो काटा आला तो हे लिहिताना पुन्हा येतोय. गल्ली पडून इतका काळ झाला, भोंग्याचं लोखंड भंगारात गेलं, आणि या एवढ्याशा काचेत कुठल्या कोण गावची बाई आमच्या गल्लीचा श्वास माझ्याबरोबर घेत होती. मी मीनाला हाका मारल्या. ती येईपर्यंत वंदना संपली आणि सगळ्या चौकटी विझल्या. ‘कुठली बाई अप्पा? नाव काय होतं?’ नाव इंग्रजीत होतं, मला काय वाचता येणार. शांतेला मी काही बोललो नाही. नसती आशा लावायची आणि ती खोटी निघाली तर आहे तेवढीही जाईल, अशी भीती वाटली.

तो आठवडा मला फार जड गेला. त्या बाईला शोधायचं तर ताईंनाच विचारायला पाहिजे होतं आणि ताईंशी मी उद्धट वागलो होतो. मी कुणापुढं हात पसरलेला माणूस नव्हे. गिरणी बंद झाली तेव्हा लोक पुढाऱ्यांच्या दाराशी उभे राहिले. मी दुसऱ्या दिवशी दुर्गदबैलाच्या बाजारात हातगाडी ओढायला लागलो. घर पाडायला आले तेव्हाही ‘द्या हो थोडी मुदत’ म्हटलं नाही, भांडी आपल्या हातानं बाहेर काढली. याचा मला मोठा ताठा होता. पण शुक्रवारी शांतेनं पाणीसुद्धा नको म्हटलं. व्यायामाची पोरगी मला दाराशी घेऊन गेली आणि हळू म्हणाली, ‘अज्जा, छाती वाजायला लागलीय.’ मी आत आलो, मीनाचा मोबाइल घेतला आणि तिला म्हटलं, ताईंना लावून दे.

‘ताई,’ मी म्हणालो, ‘या रविवारी वंदना मला सांगू द्या. हात जोडतो.’

त्या गडबडल्या. ‘अहो काका, हात कशाला जोडता? म्हणा की.’

‘आणखी एक आहे. सगळ्यांचे आवाज उघडे ठेवा.’

‘काका, फार गोंधळ होईल. प्रत्येकाचा आवाज मागंपुढं पोचतो.’

‘होऊ दे. एकदाच. मला कुणाचा तरी आवाज ऐकायचाय, आणि तो कुणाचा ते मला माहीत नाही.’ त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी पुन्हा ‘का’ विचारलं नाही. हो म्हणाल्या.

रविवारी मोबाइल शांतेच्या खोलीतच मांडला. ती भिंतीकडं तोंड करून होती. मी चौकटी शोधल्या. मीना बोटानं पानं सरकवत होती आणि मी बघत होतो, ती म्हातारी कुठंच नव्हती. मनात आलं, झालं, संपलं, गेल्या रविवारी आली ती चुकून. ताई म्हणाल्या, ‘काका, सुरू करा.’ त्या वेळी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आयुष्यभर मी ‘शरण जातो’ म्हणत आलोय आणि मान कधी वाकलेली नाही. त्या दिवशी वाकली. ती आली तर आली, नाही तर नाही. शांता उठली तर उठली. माझ्या हातात जेवढं होतं ते मी केलं, आता माझ्याकडं नुसता आवाज उरलाय. असं मनातून खाली ठेवलं, जसं दिवसभराची गाडी ओढून झाल्यावर दांडा खाली ठेवतात, आणि म्हणायला लागलो.

ताई म्हणाल्या तसा गोंधळ झाला. नागपूर मागं, दुबई पुढं, कुणाच्या घरी कुकरची शिट्टी, कुठं कुत्रं भुंकतंय. तिसरी खेप आली. वाक्य संपलं. मी थांबलो. काही आवाज पुढं गेले, मग मी नाही म्हणून तेही अडखळले, एकेक करून गप्प झाले. ‘काका, नेट...’ कुणीतरी म्हणालं, आणि ताईंनी ‘श्श’ केलं. मग कुकर नाही, कुत्रं नाही. इतक्या गावांतली इतकी घरं एकदम शांत झाली. मी डोळे मिटले. त्या शांततेत मला भोंगा ऐकू आला, कानात नव्हे, हाडांत.

आणि मोबाइलमधून फुटक्या नळ्यासारखा एक आवाज आला, ‘झाला भोंगा! व्हा पुढं!’

गल्लीत हे रोज गंगू म्हणायची. ती दाराशी बसायची, भोंगा संपला की तिला आधी कळायचं, आणि तिचा आवाज सगळ्या गल्लीत मोठा. तिनं ‘व्हा पुढं’ म्हटल्याशिवाय आम्ही पुढं जायचो नाही. मी डोळे उघडून बघितलं, तर काचेच्या कोपऱ्यात तीच जाड चष्म्याची म्हातारी. ‘अहो, व्हा की पुढं!’ ती म्हातारी पुन्हा म्हणाली. तेवढ्यात माझ्या मागून, अंथरुणावरून आवाज आला.

‘गंगी?’

मी वळलो. शांतेनं भिंतीकडचं तोंड फिरवलं होतं.

‘कोण गं?’ मोबाइलमधून आलं. ‘शांती? शांती हायस व्हय? अगं मेले, जिवंत हायस का तू! मग दिसत का नाहीस? तोंड दाखव.’

मीनानं मोबाइल उचलून अंथरुणाकडं फिरवला तर शांतेनं दोन्ही हात चेहऱ्यावर धरले. ‘नको, नको. झोपलेली दाखवू नको तिला. जन्मभर बोलून दाखवेल. आधी उठव मला.’ मग माझ्याकडं बघून, ‘बघत काय बसलाय? धरा की! आणि पांढरी साडी काढा माझी. वंदना चाललीय नव्हं?’

मी एका बाजूनं धरलं, मीनानं दुसऱ्या. तिच्या खुब्यात कळ गेली ती मला तिच्या बोटांतून कळली, माझा दंड तिनं इतका आवळला. पण ती बसली. मीनानं मोबाइल उलटा ठेवून साडी तिच्या अंगाभोवती घेतली, केसांवरून हात फिरवला, उशा लावल्या. तोवर ते सगळे लोक, नागपूरचे, दुबईचे, सगळे थांबले होते. एकानंही घाई केली नाही. मोबाइल सरळ केला. गंगू म्हणाली, ‘दात कुठं गेले तुझे?’ शांता म्हणाली, ‘तुझ्या दातांकडं.’ आणि दोघी रडायला लागल्या. वंदना अर्धी राहिली होती. पुढचं वाक्य शांतेनंच घेतलं. बारीक, कापऱ्या आवाजात, पण सुरात.

गंगू नांदेडला नातवाकडं असते. नंतर तिनं सांगितलं की मी रुसून बसलो होतो तो रविवार म्हणजे तिचा पहिला दिवस. नातवानं बसवलं होतं आणि बजावलं होतं की आजी, तोंड उघडायचं नाही, सगळ्यांना ऐकू जातं. पुढच्या रविवारी नातवाला उशीर झाला, म्हणून ती वंदना चालू झाल्यावर आली, आणि भोंग्याच्या जागी तिला राहवलं नाही. घरात तिच्या थांबण्याला सगळे हसतात. तरी ती इतकी वर्षं नांदेडला एकटी थांबत आली. आमच्या धम्मात चमत्कार नाहीत, मी कुणाला चमत्कार सांगत नाही. एकातून दुसरं होतं, हे मला मान्य आहे. मी रागावलो नसतो तर डोळे मिटले असते, डोळे मिटले असते तर तिचे ओठ दिसले नसते. सगळी साखळी सरळ आहे. पण ती सरळ आहे हेच बघून मी हबकून जातो. आमची चूक आमच्या नकळत आम्हाला एकमेकांसाठी राखून ठेवत होती.

पुढं गंगूला सोलापूरचं एक घर माहीत निघालं, त्यांना मिरजेचं. एकेक करून गल्लीची माणसं त्या काचेत यायला लागली. नवीन कुणी आलं की त्याचं स्वागत करायचं काम ताईंनी शांतेला दिलं. ती नाव विचारत नाही, विचारते, ‘कुठल्या दारातले?’ कुणी म्हणतं नळाजवळचे, कुणी म्हणतं विहाराच्या पाठचे, आणि ती त्यांच्या आईचं नाव घेऊन ‘या, बसा, जयभीम’ म्हणते. मोठी मोठी माणसं आईचं नाव ऐकून लेकरासारखी होतात. स्वागत बसूनच करायचं असतं असा तिचा नियम. मग बसणं जमलं, मग उभं राहणं. गंगू रोज फोन करून विचारते, ‘आज कुठवर गेलीस?’ आणि हिला खोटं बोलता येत नाही, म्हणून चालावं लागतं. छाती मोकळी झाली. मला मोबाइल आता मिळत नाही तो नाहीच.

मी कुणाला काय शिकवणार. पण माझ्यासारखं ताठ मानेचं कुणी वाचत असेल तर एवढंच सांगतो. मी आयुष्यात एकदाच हात जोडून मागितलं आणि मागून झाल्यावर ते मिळेल ही आशाही खाली ठेवली. त्या रिकाम्या हातांत जे आलं ते माझ्या मागण्यापेक्षा मोठं होतं. ताईंचे, मीनाचे, त्या दिवशी थांबलेल्या सगळ्या घरांचे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या महिन्यात गंगू म्हणाली, ‘मला आपली गल्ली दाखव.’ शांता म्हणाली, चला. मी म्हटलं, अगं काय आहे तिथं, नुसता रस्ता आहे. ऐकेना. रिक्षा करून गेलो. दोन्ही बाजूंनी गाड्या, मधे दुभाजक, त्यात सुकलेली झाडं. मला तर आमचं घर कुठं होतं तेही सांगता येईना. शांता रिक्षातून उतरली, वॉकर टेकत दुभाजकापर्यंत गेली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, चार पावलं डावीकडं सरकली आणि थांबली. मी मोबाइल तिच्यासमोर धरला.

‘मला काहीच ओळखू येईना,’ गंगू म्हणाली. ‘माझं दार कुठं गं?’

‘अगं, मी उभी हाय की,’ शांता म्हणाली, ‘तिथंच.’